रसेल-कोपलस्टन चर्चेचे ध्वनिमुद्रण: व्याख्या चोख, एक उणीव

बीबीसीवर 1948 साली तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन यांच्यात ईश्वराच्या अस्तित्वावर झालेली ही चर्चा ऐकण्याजोगी आहे, कारण ‘जगाहून भिन्न, जगाचा निर्माता असे परम व्यक्तिरूप अस्तित्व’ ही ईश्वराची व्याख्या कोपलस्टन आरंभीच मांडतात, रसेल ती मान्य करतात आणि मगच वादाला तोंड फुटते. कोपलस्टन ईश्वराला ‘अनिवार्य’ (जे नसणे शक्यच नाही असे) अस्तित्व म्हणतात; त्यावर ‘अनिवार्य’ हे विशेषण अस्तित्वाला नव्हे, तर केवळ विधानांनाच लावता येते, हा रसेल यांचा आक्षेप तर दोनदा ऐकावा असा. मात्र व्याख्येत सर्वशक्तिमत्ता आणि सर्वमंगलता स्पष्टपणे न आल्याने, नाझींच्या बेल्सेन छळछावणीच्या प्रमुखाचा उल्लेख होऊनही अनिष्टाची समस्या (असा ईश्वर असेल तर जगात अनिष्ट का, हा प्रश्न) बाजूलाच राहते. माझ्या मते ही मोठीच उणीव आहे. नवख्यांनी लिखित संहिता जवळ ठेवावी.