साउथ डाउन्स वे : अकरा महिने, शंभर मैल, तुकड्यातुकड्यांनी

गेल्या सप्टेंबरात विंचेस्टरहून निघाले आणि या जुलैच्या अखेरीस ईस्टबोर्नला समुद्रापाशी पोचले. साउथ डाउन्स वे ही दक्षिण इंग्लंडमधली, टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी वाट शंभर मैलांची, म्हणजे साधारण १६० किलोमीटर. ती चालायला मला चौदा दिवस लागले, पण ते चौदा दिवस अकरा महिन्यांत विखुरलेले होते. जमेल तो शनिवार किंवा रविवार धरायचा, मागच्या वेळी जिथे सोडलं तिथे रेल्वेने किंवा बसने जायचं आणि पुढचा तुकडा चालायचा. बरेच लोक ही वाट आठ-नऊ दिवसांत सलग करतात. माझं मत आता पक्कं झालंय की ही वाट सलग करू नये. का, ते पुढे येईलच.

मी मूळची साताऱ्याची. अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा यांवर पाय घडलेले. त्यामुळे नकाशात ‘बटसर हिल, २७० मीटर’ असं वाचलं तेव्हा याला डोंगर का म्हणायचं असा प्रश्न पडला होता. साउथ डाउन्सच्या खडूच्या रांगेतलं हे सगळ्यात उंच ठिकाण. ‘डाउन’ हा शब्दही सुरुवातीला गोंधळात टाकतो, पण जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी, त्यावरून तो आला. उंचीच्या हिशेबाने या टेकड्या पाहिल्या तर पदरात काही पडत नाही. पायाखाली पाहिलं तर पडतं.

पायाखाली आहे खडू. शाळेतल्या फळ्यावरचा आठवतो तसाच पांढरा, मऊ, बोटाला लागणारा. डायनासोरांच्या काळात इथे उबदार समुद्र होता, त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाच्या चुनखडी कवचांचा गाळ तळाशी साचत गेला आणि त्याचा हा दगड झाला. त्यात मधेमधे गारगोट्यांचे थर, बाहेरून पांढरे आणि फोडले की आतून काळे, काचेसारखे धारदार. अश्मयुगातल्या माणसांनी त्या काढायला इथे खाणी खोदल्या. सह्याद्रीचा काळा कातळ पाण्याला दाद देत नाही, म्हणून आपल्या गडांवर टाकी खोदली की पाणी वर्षभर टिकतं. खडूचं नेमकं उलटं. पाऊस पडला की तो गाळणीतून जावा तसा खाली मुरतो. माथ्यावर ओढा नाही, विहीर नाही. मेंढ्यांसाठी मातीचा गिलावा देऊन केलेली उथळ गोल तळी तेवढी दिसतात, त्यांना इथे ‘ड्यू पाँड’ म्हणतात, म्हणजे दवाची तळी, पण भरतात ती मुख्यतः पावसानेच. मुरलेलं पाणी टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतं आणि जुनी गावं बरोबर त्या झऱ्यांच्या रांगेत वसलेली आहेत. ब्रायटनच्या नळाला येणारं पाणीही याच खडूतलं. माझ्या घरच्या किटलीत जो पांढरा थर बसतो आणि मी दर पंधरवड्याला व्हिनेगर घालून काढते, तो हाच डोंगर आहे, हे कळल्यापासून ती किटली मी वेगळ्या नजरेने घासते.

याचा व्यवहारातला अर्थ : पाणी सोबत न्या. वाटेवर काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ बसवलेत, पण त्यांच्यात अंतर बरंच आहे. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर धरा. रांगेच्या माथ्यावर सावली जवळजवळ नसतेच.

आता त्रासाचं. जानेवारीत मी अँबर्लीहून स्टेनिंगकडे जात होते. अँबर्ली स्टेशन वाटेला लागूनच आहे, त्यामुळे हा तुकडा हिवाळ्यातही सोपा वाटतो. दोन दिवस पाऊस झालेला. ओला खडू ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढं करून पाहावं : पाटीवर थोडं पाणी घ्या आणि त्यात खडू घासा. जो लगदा होतो, तो टेकडीभर पसरलाय असं समजा. चढताना तो बुटाला चिकटतो, त्यात गवत आणि गारगोट्या रुततात आणि अर्ध्या तासात प्रत्येक बूट अर्धा किलो जड झाल्यासारखा वाटतो. उतरताना तोच लगदा साबण होतो. चँक्टनबरी रिंगनंतरच्या उतारावर माझा पाय गेला आणि मी डाव्या मनगटावर पडले. हाड शाबूत राहिलं, पण तीन आठवडे पोळ्या लाटता आल्या नाहीत. तेव्हापासून काठी नेते आणि पाऊस होऊन गेल्यावर मळलेल्या पांढऱ्या वाटेवरून न उतरता कडेच्या गवतावरून उतरते. बुटांचे तळवेही गारगोट्यांनी लवकर झिजतात, माझा पहिला जोड मार्चमध्ये बदलावा लागला. नवा घेताना वॉटरप्रूफपेक्षा तळव्याची खाच किती खोल आहे ते पाहा.

त्याच दिवशी पडण्याआधी चँक्टनबरी रिंगमध्ये धुकं होतं. लोहयुगातल्या गढीचा मातीचा कोट, त्याच्या आत रोमन काळात देऊळ होतं, आणि त्यावर १७६० मध्ये चार्ल्स गोरिंग नावाच्या तरुणाने लावलेली ‘बीच’ जातीची झाडं. त्यातली बरीचशी ऑक्टोबर १९८७ च्या वादळाने पाडली, आता आहेत ती बहुतेक नंतरची. धुक्यात त्यांच्या मधोमध उभं राहिलं की आपला श्वास ऐकू येतो. हे उन्हाळ्यात पिकनिकच्या गर्दीत कळलं नसतं.

सलग चालू नका म्हणते ते याचसाठी. हीच माती जानेवारीत तुम्हाला पाडते आणि जूनमध्ये गुडघ्यांवर बसवते. फर्ल बीकनच्या उतारावर मी अक्षरशः गुडघे टेकून तासभर घालवला. मेंढ्यांनी शेकडो वर्षं खुरटवलेलं गवत इतकं दाट आणि आखूड असतं की हात ठेवला तर सतरंजीवर ठेवल्यासारखा वाटतो. हातभर जागेत किती प्रकार होते ते मोजायला लागले आणि पंधरापाशी सोडून दिलं. चांगल्या जपलेल्या खडूवरच्या गवतात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींची झाडं सापडतात. एक बारीक जांभळ्या फुलांची वेल चुरडली तर चक्क ओव्याचा वास आला. ती रानटी थाइम. ओव्यातलं वासाचं द्रव्य थायमॉल, त्याला नावच थाइमवरून मिळालंय. शेजारच्या एका दातेरी पानाला काकडीचा वास. पिवळ्या हॉर्सशू व्हेचवर गडद निळं फुलपाखरू, अ‍ॅडोनिस ब्लू. त्याची अळी या एकाच झाडाची पानं खाते. झाड गेलं की फुलपाखरू गेलं.

मला कास पठार आठवलं. तिथेही मातीचा थर पातळ, म्हणून मोठी झुडपं जोर धरत नाहीत आणि छोट्या फुलांना जागा मिळते. इथल्या मातीतही कस नाही आणि तेच या फुलांचं भाग्य. मात्र इथे एक अट आहे, मेंढ्या चरत राहिल्या पाहिजेत. चरणं थांबलं की काही वर्षांत काटेरी हॉथॉर्न माजतं आणि त्याच्या सावलीत हे सगळं मरतं. दुसऱ्या महायुद्धापासून धान्यासाठी नांगर फिरला तेव्हाही अशी कुरणं मोठ्या प्रमाणात गेली. वाटेवर दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागतात ती दिसायला सुंदर आहेत, पण त्यांच्यात उभं राहून पाहिलं की चंडोल सोडला तर शांतता असते. २०१० पासून हा भाग नॅशनल पार्क आहे. उरलेले तुकडे तरी राहावेत असं मनापासून वाटतं, आणि म्हणून वाट सोडून फुलांच्या उतारावर चादरी पसरणाऱ्यांना मी आता थांबून नीट सांगते.

जूनमध्येच बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांचं वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात. ही वाट घोडे आणि सायकलींसाठीही खुली आहे, त्यामुळे फाटकं रुंद आहेत आणि कुंपणं ओलांडायला चढावं लागत नाही. त्यांच्यासारख्यांना ही मोठी सोय. घोडा मागून आला तर बाजूला होऊन दोन शब्द मोठ्याने बोलायचे, म्हणजे तो बुजत नाही. बाबा प्रत्येक घोड्याला “या राजे” म्हणत होते.

त्यांना मी ‘छत्री’ हे भारतीय सैनिकांचं स्मारक दाखवायला नेलं. क्लेटनच्या दोन पवनचक्क्यांपासून मुख्य वाट सोडून थोडं दक्षिणेला ब्रायटनकडे उतरलं की मोकळ्या उतारावर संगमरवरी घुमट दिसतो. आठ खांब, वर घुमट, खाली ग्रॅनाइटच्या शिळा. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांना ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये उभारलेल्या इस्पितळात आणत. हिंदू, मुसलमान, शीख यांच्यासाठी वेगळी स्वयंपाकघरं होती. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन या उतारावर झालं आणि अस्थी समुद्रात सोडल्या. त्याच जागी बांधलेल्या या छत्रीचं अनावरण १९२१ मध्ये झालं. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पीचा. शेजारच्या शिळेवर ती ५३ नावं कोरली जायला मात्र २०१० साल उजाडलं.

बाबांनी टोपी काढली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, आपल्या अपशिंग्याची पोरं पण गेली होती त्या लढाईला.”

“हो बाबा. पण मराठा पलटणी जास्त करून मेसोपोटेमियात होत्या.”

“कुठे का असेना. घरी सांगायला कोण गेलं असेल?”

नावांच्या शिळेपाशी त्यांनी एकेक नाव बोट फिरवत वाचलं. मधे एका ठिकाणी बोट थांबलं, मेंढीच्या लेंडीएवढी पांढरी कपची शिळेवर पडली होती. खडूच होता, कुणाच्या तरी बुटातून आलेला. त्यांनी तो फुंकर मारून काढला आणि पुढचं नाव वाचलं.

शेवटचा टप्पा, सेव्हन सिस्टर्स या खडूच्या समुद्रकड्यांपासून बीची हेडपर्यंतचा, सगळ्यांना फोटोंतून माहीत आहे. चढ-उतार एकामागून एक आहेत आणि सगळ्या वाटेत पोटऱ्या सगळ्यात जास्त इथेच भरतात. बीची हेडचा कडा १६२ मीटर, ब्रिटनमधला खडूचा सगळ्यात उंच समुद्रकडा. पण इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कड्याच्या टोकाला जाऊ नका. लाटा खालून खडू पोखरतात, वरचं गवत मात्र तसंच अधांतरी राहतं, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. बेल टाउट हे जुनं दीपगृह कड्याबरोबर जाऊ नये म्हणून १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं १७ मीटर मागे सरकवावं लागलं. त्या दिवशी एक आई तिच्या लहान मुलाला टोकाला उभं करून फोटो काढत होती. मी ओरडले. तिला राग आला, चालेल.

वाटेच्या खुणा उत्तम आहेत, पांढऱ्या ओकफळाचं चिन्ह जवळजवळ प्रत्येक फाट्यावर आहे. तरी धुक्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा कागदी नकाशा ठेवा, थंडीत फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते. ससेक्समध्ये रेल्वे आणि बस चांगल्या आहेत, हँपशरमधल्या पहिल्या दोन-तीन टप्प्यांना रविवारी परतीची बस मिळेलच असं धरू नका, आधी वेळा पाहून निघा.

लंडनहून एकाच दिवसासाठी येणार असाल तर हॅसक्स स्टेशनला उतरा. पवनचक्क्यांपर्यंत चढा, छत्रीपाशी जेवणाचा डबा उघडा, मग पॅचमला उतरून बसने ब्रायटन गाठा. पाण्याच्या बाटल्या हॅसक्सलाच भरून घ्या.