प्राट: उच्चार शिकवताना सात महिने वापरून

मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. वर्गात कुणाची मातृभाषा हिंदी, कुणाची तमिळ, कुणाची इंग्रजी. उच्चारांच्या तासाला गेले सात महिने मी प्राट वापरते आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं हे ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ‘क’ आणि ‘ख’साठी. इंग्रजीभाषक ‘काल’ म्हणतात आणि आपल्याला ‘खाल’ ऐकू येतं, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा क हवेच्या झोतासकटच येतो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘हवा सोडू नका’ हे मी वर्षानुवर्षं सांगत आले, फरक पडला नाही. प्राटमध्ये मात्र क फुटल्यापासून स्वराचा कंप सुरू होईपर्यंतचा वेळ मोजता येतो. माझ्या ‘काल’मध्ये तो २०-३० मिलिसेकंद निघाला, त्यांच्या ‘काल’मध्ये ७०-८०. मग त्यांना ‘स्कूल’ म्हणायला लावलं. इंग्रजीतही स नंतरच्या क ला तो झोत नसतो. हळूहळू स गाळत गेलो, तशी पडद्यावर दिसणारी ही वेळेची फट अरुंद होत गेली. आपण नेमकं काय बदललं हे त्यांना त्या क्षणी कळत होतं, आणि त्या तासाचा आनंद मला अजून आठवतो. तमिळभाषकांना उलट ती फट वाढवायची होती, तेही याच चित्रावर जमलं. ‘धार’, ‘भात’ यांना मात्र हे चित्र फारसं कामाचं नाही. तिथे कंप थांबत नाही, आवाजात श्वास मिसळतो, आणि मोजायला स्वच्छ फट सापडत नाही.

खरी चूक मी ‘ळ’च्या बाबतीत केली. तमिळभाषकांना ळ घरचाच, अडचण हिंदीभाषकांची: ‘काळ’चा ‘काल’ होतो. ळ च्या आधीच्या स्वरात तिसरा फॉर्मंट (तोंडाच्या आकारामुळे आवाजाचा जोर जिथे एकवटतो, त्या पट्ट्यांपैकी तिसरा) खाली उतरतो, तो दाखवून काम होईल असं वाटलं. प्राट फॉर्मंट लाल ठिपक्यांनी दाखवतं, दोन महिने मंडळी त्या ठिपक्यांच्या मागे लागली. हे ठिपके सेटिंगवर अवलंबून असतात. फॉर्मंटची वरची मर्यादा बाईच्या आवाजाला साधारण ५५०० हर्ट्‌झ आणि पुरुषाच्या आवाजाला ५००० ठेवावी लागते, नाहीतर ठिपके भरकटतात. पण मूळ गोष्ट वेगळीच होती. त्यांना ल आणि ळ यांतला फरक ऐकूच येत नव्हता. जे कानाला नाही, ते जीभ कुठून आणणार?

मग १९९१ मधलं लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांचं काम आठवलं. त्यांनी जपानीभाषकांना इंग्रजीतले र आणि ल ऐकायला शिकवले, ते एकाच आवाजात न ऐकवता अनेकांच्या आवाजांत. मी पाच जणांकडून काल-काळ, मूल-मूळ, वेल-वेळ, माल-माळ, चाल-चाळ बोलून घेतले. रोज दहा मिनिटं फक्त ऐकायचं, कोणता शब्द ते सांगायचं, उत्तर लगेच तपासायचं. बोलायचं नाही. तीन आठवड्यांनी बोलायला लावलं, तर काहींचा ळ जीभ कुठे वळवायची हे न सांगताच आला होता. याच मालिकेतल्या १९९७ च्या एका अभ्यासात ऐकण्याच्या सरावाने उच्चारही सुधारल्याचं नोंदलं आहे, पण आपल्या वर्गात ते घडताना पाहणं वेगळं.

‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे प्राटने काढलेल्या आवाजाच्या चित्रावर, छान वेगळे दिसतात, मात्र ते कानानेच लवकर कळतात.

आता प्राट तासाला पंधरा मिनिटंच उघडते, तेही कान तयार झाल्यावर. आणि सगळ्यांसाठी नाही. एका विद्यार्थ्याचं बोलणं मूळ भाषेच्या वळणाचं आहे, तरी त्यांचा एकही शब्द मला पुन्हा विचारावा लागत नाही. वळण ठळक असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं, हे मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं. म्हणून या विद्यार्थ्याच्या ‘क’ची मोजमापं मी थांबवली.

वापरून पाहणार असाल तर शांत खोली आणि तोंडाजवळचा साधा माइक पुरतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकाचे वीसेक शब्द ध्वनिमुद्रित करा, फाइलला तारीख द्या आणि जपून ठेवा. पुढची तुलना शिक्षकाच्या आवाजाशी करू नका, त्यांच्याच त्या पहिल्या फाइलशी करा.