दोघी मैत्रिणींची पागा : लेकीला घोडेस्वारीला घातलं, त्यानंतरचा अनुभव

सोलापुरात घोडेस्वारी नीट शिकवतात का, असं हल्ली मला बरेच पालक विचारतात. शिकवतात, आणि मनापासून शिकवतात. अक्कलकोट रस्त्याला शहर मागे पडलं की आत वळून दोघी मैत्रिणींनी उभं केलेलं एक केंद्र आहे. माझी दहा वर्षांची लेक दिवाळीनंतर तिथे जायला लागली. थंडी, ऊन आणि आता पाऊस, तिन्ही पाहून झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

पोरं या दोघींना थोरली ताई आणि धाकटी ताई म्हणतात. दोघी एकाच गल्लीत वाढल्या. गल्लीतल्या टांगेवाल्या चाचांच्या घोडीला पाणी पाजायला जायच्या आणि संध्याकाळी टांगा सोडला की खोगिराशिवाय, नुसत्या पाठीवर बसायच्या. पुढे थोरलीने पुण्यात राहून रीतसर शिक्षण घेतलं, धाकटीने पशुसंवर्धनाची पदविका केली. आपली पागा काढायची हे मात्र शाळेतच ठरलं होतं. त्या जुन्या दोस्तीचा फायदा आज आपल्या पोरांना होतो. एक रिंगणात शिकवत असते तेव्हा दुसरी कठड्याला टेकून फक्त घोड्याचे पाय बघत उभी असते. तिने नुसता हात वर केला तरी तास थांबतो. का थांबवलास, असं एकीने दुसरीला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

पहिल्यांदा गेलात तर कदाचित हिरमोड होईल. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. पालकांना बसायला लिंबाखाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या. पैसा दिसत नाही, कारण तो जमिनीखाली गेलाय. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. घोड्याच्या पायाला दोन्ही वाईट. पावसात घसरतो, उन्हाळ्यात भेगेत खूर अडकला तर पाय कायमचा जाऊ शकतो. या दोघींनी रिंगणापुरती काळी माती उपसून काढली, मुरूम भरून रोलर फिरवला, पाणी निघून जाईल असा उतार दिला आणि मग वर वाळू टाकली. वाळूही बेतानेच, कारण फार खोल वाळूत पाय रुतून घोड्याच्या पायातल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) ताणल्या जातात. उन्हाळ्यात पहिल्या बॅचआधी तिच्यावर पाणी मारतात, नाहीतर धूळ घोड्याच्या आणि पोरांच्या छातीत जाते. कर्जातली पहिली रक्कम यात घातली आणि ऑफिस नंतर बघू म्हणाल्या, इथेच माझा या दोघींवर विश्वास बसला.

शिकवण्याची पद्धत संथ आहे, ही तयारी ठेवूनच या. सुरुवातीचे आठवडे पोरं घोड्यावर बसतच नाहीत. मोहरकी (डोक्यावर चढवायचं पट्ट्यांचं दावं) घालायची, घोडा असा बांधायचा की घाबरला तर एका हिसक्यात गाठ सुटली पाहिजे, अंगावर खरारा करायचा, खुरातला चिखल-खडा काढायचा. खूर साफ करताना मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोकणी लागू द्यायची नाही, घाण वास आला तर लगेच सांगायचं, हे माझ्या लेकीला आता झोपेतही सांगता येईल. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, स्वतः आवळायचा आणि चढण्याआधी पुन्हा बघायचा, कारण पहिल्यांदा आवळताना घोडा पोट फुगवून धरतो.

त्यानंतर लांब दोरीवर गोल फिरवतात. दोरी ताईच्या हातात, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढलेल्या, पोराचे हात कमरेवर. तोल पाठीतून आणि मांड्यांतून यायला हवा, लगामाला लोंबकळून नव्हे, असं थोरली ताई म्हणते. दुडकी, म्हणजे घोड्याची संथ धाव (ट्रॉट), शिकवतानाचा एक तास मी पुरता पाहिला. दुडकीत घोड्याचे पाय आडव्या जोडीने पडतात, पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग उलटी जोडी. म्हणून बरोबर दोन ठोके ऐकू येतात. स्वाराने एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं, आणि गोलात फिरताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हा उठायचं. ताईने लेकीला डोळे मिटायला लावले आणि तो पाय पुढे गेला की "आत्ता" म्हणायला सांगितलं. आधी सगळे "आत्ता" चुकीचे. मग दोन बरोबर, एक चूक. हळूहळू बिनचूक. ताईने दरम्यान एक शब्द काढला नाही. डोळे उघडल्यावर लेक आपोआप योग्य ठोक्याला उठत होती. हे ज्याला शिकवता येतं त्याच्याकडे पोर निर्धास्त सोपवावं.

घोडे मोजकेच, पण एकेक पारखून घेतलेला. काही आपल्याच जिल्ह्यातले, कार्तिकातल्या अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेले. तिथे गिऱ्हाईक देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) बघतं, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) बघतं, घोडा नाचतो किती ते बघतं. या दोघींनी पाय बघितले, दात बघितले आणि लहान मूल जवळ गेल्यावर कान कुठे वळतात ते बघितलं. एक उंच थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) रेसमधून निवृत्त होऊन आलाय, तो फक्त मोठ्या मुलांना मिळतो. मला सगळ्यात आवडतो तो वरातीतून आणलेला खच्ची घोडा. बँड, फटाके, गर्दी, त्याला कशाचंच भय नाही. पण वर्षानुवर्षं तोंडात काटेरी लगाम ओढला गेल्याने कुणी लगाम हातात घेतला की मान वर टाकायचा. धाकटीने त्याला कित्येक महिने तोंडात काही न घालता, नुसत्या मोहरकीवर चालवलं. आता माझी लेक त्याच्यावर बसते आणि तो मान खाली सोडून चालतो. आषाढी वारीत खुडूसला किंवा ठाकूरबुवाच्या समाधीपाशी अश्वाचं रिंगण पाहिलेल्या माणसाला घोड्याबद्दल जो आदर असतो, तो इथे रोजच्या कामात दिसतो.

उन्हाळ्याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण सोलापूरच्या मे महिन्यात घोडेस्वारी चालते कशी, हा सगळ्यांचा प्रश्न. पारा ४२-४३ ला जातो तेव्हा बॅच उजाडतानाच सुरू होऊन ऊन चढण्याआधी संपते, आणि संध्याकाळची बॅच जमीन निवल्यावरच. कामाच्या घोड्याला अशा दिवसांत ५० लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी लागतं. घामातून मीठही खूप जातं, म्हणून प्रत्येक ठाणात सैंधवाचा खडा टांगलेला आहे. काम सुरू करण्याआधी पोरांनी घोड्याच्या खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक, उभी राहिली तर अंगात पाणी कमी, त्या दिवशी त्या घोड्याला सुट्टी. पोरांनी कितीही तोंड पाडलं तरी सुट्टी म्हणजे सुट्टी.

चाऱ्याचंही तसंच. कडबा चांगला वाळलेला, कुट्टी करून, सोबत लसूणघास, चंदीत (दाण्याच्या खुराकात) ओट, थोडा हरभरा आणि कोंडा. कोवळी हिरवी ज्वारी मात्र दारात येऊ देत नाहीत. किराळ लागून, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होऊन, जनावर गेल्याच्या गोष्टी आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहेत. वैरण वाळूवर टाकत नाहीत, टबात देतात, कारण वैरणीबरोबर वाळू पोटात गेली की घोड्याला पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे साधी पोटदुखीही जिवावर बेतू शकते. पावसाच्या तोंडावर एका घोडीने कडबा तोंडात धरला नाही आणि वळून वळून पोटाकडे बघायला लागली. हे आधी घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दार मामांना नाही, बॅचमधल्या एका सातवीतल्या मुलाला दिसलं. त्याने धावत जाऊन सांगितलं. डॉक्टर येईपर्यंत दोघी तिला आळीपाळीने फिरवत होत्या, लोळू देत नव्हत्या. रात्री उशिरा लीद पडल्याचा, म्हणजे पोट मोकळं झाल्याचा, मेसेज पालकांच्या ग्रुपवर आला तेव्हा आमच्या घरात सगळे जागेच होतो.

आता न पटलेल्या गोष्टी. फी जास्त आहे. घोड्याच्या खाण्याचा आणि दर सहा-आठ आठवड्यांच्या नालबंदीचा खर्च कळल्यावर ती का जास्त आहे हे समजतं, पण दोन मुलं असलेल्या घराला ती झेपणार नाही. भावंडांना सवलत द्यायला हवी. उन्हामुळे रद्द झालेले तास भरून देतात खरे, पण एकाच आठवड्यात कोंबून देतात आणि पोरांचे पाय दुखून येतात. तास रद्द झाल्याचा निरोप कधी कधी आपण घरून निघाल्यावर येतो. लहान मापाची हेल्मेट कमी आहेत, त्यामुळे स्वतःचं घ्या, आणि घोडेस्वारीचंच घ्या. क्रिकेटचं किंवा सायकलचं चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. बुटाला साधारण इंचभर टाच हवी म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. सपाट स्पोर्ट्स शूजवर घोड्यावर बसवत नाहीत. शेवटचा कच्चा रस्ता पावसात भयंकर होतो, दुचाकी घेऊन जाऊ नका. स्वच्छतागृह एकच आहे, मुलींची संख्या बघता दुसरं तातडीने हवं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय.

मोठ्यांनाही शिकवतात, पण वजनाचा नियम पक्का आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जायचं नाही. चारशे किलोच्या घोड्यावर खोगिरासकट ऐंशी किलो, बस्स. यावरून काही जण नाराज होऊन गेलेले मी पाहिलेत. नियम मोडलेला पाहिला नाही.

स्पर्धेचं विचाराल तर अजून घाई नाही. रिंगण २० बाय ४० मीटरचं आहे आणि कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही ड्रेसाजची (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेची) अक्षरं लावली आहेत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवून दिलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी आलं होतं. त्या स्पर्धेचा व्हिडिओ थोरली ताई पोरांना थांबवून थांबवून दाखवते, आणि पदकावर नाही, स्वाराचे हात किती स्थिर आहेत त्यावर बोलते. वर्षभरात मेडल हवं असलेल्या पालकांचं इथे जमणार नाही. माझ्या लेकीला अजून भरधाव सोडलेलं नाही, आणि तिची तक्रारही नाही.

चौकशीला जायचं तर सकाळच्या बॅचला जा आणि तास संपल्यावर लगेच निघू नका, पोरं घोडे धुवून ठाणात बांधेपर्यंत थांबा. दुपारी जाऊ नका. तेव्हा घोड्यांची विश्रांती असते आणि दोघी कुणासाठीही फाटक उघडत नाहीत.