बिलात ‘8 नग नवीन’, हेडमध्ये पाच भंगारातले: अ‍ॅम्बॅसॅडरच्या व्हॉल्व्हची फसवणूक

बिलावर स्पष्ट लिहिलं होतं: ‘व्हॉल्व्ह सेट नवीन 8 नग, गाइड 8 नग, सीट कटिंग, हेड फेसिंग.’ गाडी अ‍ॅम्बॅसॅडर, इंजिन जुनं 1489 सी.सी.चं पेट्रोल, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज घराण्यातलं. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरच्या वर बसणाऱ्या हेडमधल्या झडपा: इनलेट पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतो, एक्झॉस्ट जळका वायू बाहेर सोडतो. व्हॉल्व्हची दांडी, म्हणजे स्टेम, गाइड नावाच्या नळीत सरकते आणि मिटताना व्हॉल्व्हचं डोकं सीटवर टेकतं. हेड बसवून नऊशे किलोमीटर होतात न होतात तोच गाडी आयडलला थरथरू लागली आणि सायलेन्सरमधून ठरावीक ठेक्यात फुसफुस ऐकू येऊ लागली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं, तर तीन सिलिंडरचं 120 पीएसआयच्या आसपास आणि तिसऱ्याचं 45. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतलं, काटा जागचा हलला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या, गळती व्हॉल्व्हमधून होती.

हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड भाकरीचा तुकडा मोडावा तशी गेलेली होती. मग आठही व्हॉल्व्ह काढून मोजले. चारही एक्झॉस्ट आणि एक इनलेट वापरलेले निघाले. खरे नवे फक्त तीन, तेही इनलेट, म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात कमी ताण येतो ते.

हे काम कसं होतं ते नीट समजून घ्या. भंगारात आलेल्या हेडमधून व्हॉल्व्ह काढतात, वायर ब्रशवर कार्बन उडवतात, काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून डोकं एकसारखं राखाडी करतात. मग सीटवर टेकणारं तिरपं तोंड मशीनवर घासतात, स्टेमला बफ मारतात, टोक घासून सपाट करतात, तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. टेबलावर ठेवला की नवा आणि हा, दोन्ही सारखेच दिसतात. साफ केलेल्या व्हॉल्व्हमध्ये कमी झालेलं असतं ते धातूचं माप, आणि ते डोळ्याला दिसत नाही.

तरी एक जागा बहुतेक वेळा खरं बोलते: स्टेमच्या टोकाजवळ स्प्रिंगची टोपी धरून ठेवणाऱ्या लॉकची, म्हणजे कॉटरची खाच. तिथपर्यंत बफ नीट पोचत नाही. नव्या व्हॉल्व्हच्या खाचेची धार नखाला लागते, तळ एकसारखा असतो. या पाचांपैकी तिघांच्या खाचेत तपकिरी वार्निशची, म्हणजे जळक्या तेलाच्या थराची, रेघ तशीच होती आणि वरची धार गोल झाली होती, नख त्यावरून सहज घसरत होतं. ही झीज फक्त दिसण्यापुरती नाही. खाच घासली की लॉक त्यात पूर्ण बसत नाही, आणि चालत्या इंजिनात लॉक सुटलं तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. मग पिस्टन आणि हेड, दोन्ही गेले.

आता तिसरा सिलिंडरच का जळला ते पाहू. या हेडमध्ये व्हॉल्व्हचा क्रम एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट आणि मग पुन्हा तसाच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट शेजारी शेजारी येतात आणि दोघांना मिळून एकच पोर्ट, म्हणजे वायू बाहेर जायची वाट, आहे. सगळ्यात जास्त उष्णता तिथेच साठते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं जोराच्या चालवण्यात 700 अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि त्यातली बरीचशी उष्णता सीटला टेकलेल्या क्षणांत सीटवाटे हेडमध्ये उतरते. बाकीची स्टेमवरून गाइडमध्ये. तोंड वारंवार घासलं की वरची उभी कड, ज्याला मार्जिन म्हणतात, पातळ होत जाते. नव्या व्हॉल्व्हला ती साधारण दीड मिलिमीटर असते. एक्झॉस्टला 0.8 मि.मी.च्या खाली गेली की तो व्हॉल्व्ह बाद. जळालेल्या व्हॉल्व्हच्या शाबूत बाजूला वर्नियर लावला, तर 0.3 भरलं. पातळ कड लालभडक होते, वाकते, एका ठिकाणाहून वायू निसटतो, आणि एकदा वाट मिळाली की गॅस कटरसारखा तो धातू कापत जातो.

दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट याहून वाईट होता, फक्त अजून जळायचा बाकी होता. तो मुळात एक्झॉस्टच नव्हता. या इंजिनात इनलेटचं डोकं एक्झॉस्टपेक्षा मोठं असतं आणि स्टेमचा व्यास जवळपास सारखा, म्हणून भंगारातला इनलेट लेथवर धरून डोकं लहान केलेलं होतं. इनलेटचं पोलाद एवढ्या उष्णतेसाठी नसतंच. चुंबक लावल्यावर डोकं घट्ट चिकटलं, बाकी तिघांच्या डोक्यांना चुंबक धरत नव्हता. पण एवढ्यावरच कोणावर आरोप करू नका. काही जुन्या मूळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हना सुद्धा चुंबक चिकटतो. एकाच सेटमधले चारही ताडून पाहा, एक वेगळा वागला तर विचारा. इथे डोक्याच्या कडेवर लेथच्या हत्याराच्या बारीक गोल रेघाही होत्या, त्यामुळे शंका उरली नाही.

हेड बनवणाऱ्याने गाडी देताना मालकाला रॉकेलची परीक्षा करून दाखवली होती. हेड उलटं ठेवून, प्लग लावून, चेंबरमध्ये रॉकेल भरायचं आणि पोर्टमध्ये ओल येते का पाहायचं. थेंबही आला नाही, आणि येणारही नव्हता. ग्राइंडिंग पेस्ट लावून घासलेला कोणताही व्हॉल्व्ह थंड असताना रॉकेल धरतो, 0.3 मार्जिनचासुद्धा. ही परीक्षा सीट बसली का एवढंच सांगते. व्हॉल्व्ह नवा आहे का, टिकेल का, याबद्दल ती काहीच सांगत नाही. लोक नेमके इथे फसतात, कारण परीक्षा डोळ्यांसमोर झालेली असते.

म्हणून हेड बंद होण्याआधी व्हॉल्व्ह हातात घ्या. मायक्रोमीटरने स्टेम तीन ठिकाणी मोजा: गाइडमध्ये चालणाऱ्या भागाच्या वर, मध्ये आणि खाली. ते माप खाचेच्या लगतच्या न घासलेल्या भागाशी ताडा. 0.03 मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर नवं गाइड टाकूनही उपयोग नाही, तेल खाली उतरणारच. स्टेम जाड सपाट काचेवर लोळवा, डोकं डगमगलं तर वाकलेला आहे. जमल्यास व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून तोंडाला डायल गेज लावा, 0.05 मि.मी.च्या वर काटा हलता कामा नये. डोक्याखालची मान पाहा, तिथे स्टेम बारीक झालेला किंवा खड्डे पडलेला असेल तर तो तिथेच तुटतो. टोकही पाहा: वरचा कडक थर पातळ असतो, पाव मिलिमीटरहून जास्त घासलं की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा दांडा, त्याला छत्रीसारखं पसरवतो. मग तो व्हॉल्व्ह काढताना गाइडही खराब करतो.

जुना व्हॉल्व्ह वापरणं हीच फसवणूक, असं आमचं म्हणणं नाही. 1489 चे चांगले सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, खर्च वाचवणं योग्यच आहे. इनलेट थंड मिश्रणात चालतो, वरच्या मापांत बसला तर खुशाल पुन्हा बसवा, तोही शक्यतो त्याच्याच जागी. एक्झॉस्ट मात्र नवेच घ्या, यात काटकसर नको. आणि जुना बसवला असेल तर बिलात ‘जुना, तपासलेला’ असं लिहिलं गेलंच पाहिजे.

या हेडमध्ये अजून एक गोष्ट राहून गेली होती. या लोखंडी हेडमध्ये सीट हेडच्याच धातूत कापलेली असते. भारतात 2000 सालापासून शिसंविरहित पेट्रोल सगळीकडे आलं, आणि शिशाचा जो थर सीटला झिजण्यापासून सांभाळायचा तो गेला. आता जोरात चालवलं की एक्झॉस्टची सीट हळूहळू आत खचते. व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटमधली, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामधली, फट कमी होते, शेवटी तो पूर्ण मिटत नाही आणि जळतो. एक्झॉस्टला कडक सीट रिंग बसवून घेतली तर हे थांबतं. अल्युमिनियमच्या हेडला, जसं प्रीमियर पद्मिनीचं, मुळातच वेगळ्या सीट असतात. तिथे त्या सैल तर नाहीत ना, एवढं पाहायचं.

काम देताना सांगा की काढलेले आठही व्हॉल्व्ह सिलिंडरचा नंबर लावून पिशवीत परत हवेत, आणि नवे बसवण्याआधी दाखवा. तुमचे जुने परत आले, तर निदान तेच घासून पुन्हा बसवलेले नाहीत हे कळेल. बसवायचे व्हॉल्व्ह दुसऱ्या हेडमधले आहेत का, हे खाच, मार्जिन आणि स्टेम पाहून कळेल. ज्यांची गाडी अशीच ‘नव्या सेट’वर चालू आहे त्यांनी 500 किलोमीटरला इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट पाहावेत. 0.015 इंचाला, म्हणजे 0.38 मि.मी.ला लावलेला एक्झॉस्ट टॅपेट 0.25 च्या खाली आलेला दिसला, तर फट नुसती वाढवून गाडी पुढे नेऊ नका. हेड उतरवा आणि दोन आणि तीन नंबरचे एक्झॉस्ट आधी काढून मार्जिन मोजा.