७.५, ८ की ९? तबकडीसाठी छर्रा निवडताना

शॉटगन नेमबाजीत हवेत उडणारी तबकडी छर्ऱ्यांनी फोडायची असते. नंबर वाढला की छर्रा बारीक होतो, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. अमेरिकी मापात ७.५ म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर, ८ म्हणजे २.३ आणि ९ म्हणजे २. फरक केसाएवढा वाटतो, पण २४ ग्रॅम शिशाच्या काडतुसात ७.५ चे साधारण २९५ छर्रे बसतात, ८ चे ३४५ आणि ९ चे तब्बल ४९५.

मग सरळ ९ च का घेऊ नये? कारण ९ च्या एका छर्ऱ्याचं वजन ७.५ च्या जेमतेम साठ टक्के. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो आणि लांबवर त्याच्या माऱ्यात दम उरत नाही. ट्रॅप या प्रकारात तबकडी आपल्यापासून दूर पळते, ३० मीटरच्या पुढे फुटते आणि बहुतेकदा आपल्याकडे तिची कडा असते. ही कडा जाड आणि चिवट. ९ चे चार छर्रे लागूनही नुसती धूळ उडून तबकडी पुढे निघून जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नुसत्या धुळीला गुण नाही, डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा पडावा लागतो. म्हणून ट्रॅपला ७.५, आणि दुसऱ्या गोळीला (पहिली चुकली तर मारायची) तर नक्कीच.

स्कीट या प्रकाराचा हिशेब उलटा. तबकडी २० मीटरच्या आसपास आडवी जाते, चोक (नळीच्या तोंडाचा आवळ) मोकळा असतो. तिथे दाट फवारा कामाचा, त्यामुळे ९ शोभतो.

८ मधला. ट्रॅपची पहिली गोळी, स्पोर्टिंग या तिसऱ्या प्रकारातल्या जवळच्या-मध्यम तबकड्या, सराव, सगळीकडे चालतो. एकच पेटी घ्यायची असेल तर मी ८ घेईन, पण ट्रॅपच खेळायचं असेल तर ७.५.

पेटीवरच्या नंबरावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. ब्रिटिश ७.५ जवळजवळ अमेरिकी ८ एवढाच भरतो. मिलिमीटर वाचा. आंतरराष्ट्रीय नियमात २.६ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे, म्हणजे हे तिन्ही बसतात.

आणि खरं सांगायचं तर, ७.५ की ८ यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी एकदा आपल्याच बंदुकीतून कागदावर मारून पाहावं. ज्या अंतरावर तबकडी फोडता त्याच अंतरावरून, ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात. तबकडी जाईल एवढी भगदाडं दिसली तर आधी चोक बदला. मऊ शिशाचे छर्रे नळीत चेपतात आणि भरकटतात, अँटिमनी मिसळलेले कडक छर्रे गोल राहतात. स्वस्त ७.५ पेक्षा कडक ८ मी केव्हाही घेईन.

शिशाला बंदी असलेल्या रेंजवर पोलाद वापरावं लागतं. ते हलकं, म्हणून एक-दोन नंबर जाड घ्या: शिशाच्या ८ ऐवजी पोलादाचा ७. बंदूक आणि चोक पोलादाला चालतात का, हे आधी तपासा.