सिगारेटवर कर: टक्क्यांनी की नगावर?

पाकिटाची मूळ किंमत एकाची ४० रुपये, दुसऱ्याची १०० धरा. ५० टक्के कर लावला तर विक्री ६० आणि १५० ला, फरक ९०. पाकिटामागे सरसकट ३५ रुपये लावले तर ७५ आणि १३५. फरक ६० वर येतो. स्वस्त ब्रँडकडे वळून ओढत राहण्याची पळवाट इथेच अरुंद होते, म्हणून नगावरचा कर मला सरस वाटतो.

मात्र तो दरवर्षी महागाईबरोबर वाढवावाच लागतो. शिवाय लांबीनुसार टप्पे नकोत: भारतात कमी करासाठी ६५ मिलिमीटर लांबीची मर्यादा आली आणि ६४ मिलिमीटरच्या सिगारेटी निघाल्या. टक्केवारीचा कर महागाईसोबत आपोआप वाढतो, पण कंपनीने मूळ किंमत पाडली की तोही घसरतो. बिडी स्वस्त राहिली तर दोन्ही तोकडे.