गैरहजर मुलांचा भार कुणावर टाकायचा?

ऐन कापूस वेचणीत निवडक शाळांच्या नमुन्यावर चाचणी घेतली, की काटोल-नरखेडकडे पट ३६ आणि हजर २७ असा वर्ग सापडणारच. त्यात नमुन्यातल्या काही शाळा नकार देतात, त्यातही जास्त करून नागपूर शहरातल्या खासगी. ही गळती भरून काढायची म्हणजे उरलेल्यांचा भार, म्हणजे एक शाळा किंवा मूल कितींच्या वतीने मोजायचं तो आकडा, वाढवायचा. त्याला तीन वाटा आहेत: गटवार गुणक (गटातल्या भारांना ज्याने गुणायचं तो आकडा), प्रतिसादाच्या शक्यतेचं मॉडेल आणि रेकिंग (भारांच्या बेरजा माहीत असलेल्या एकूण आकड्यांशी आळीपाळीने जुळवत जाणं).

शाळांच्या नकारासाठी गटवार गुणकच बरा. व्यवस्थापन आणि शहरी-ग्रामीण असे गट पाडा. एका गटात १२ शाळा निवडल्या, प्रत्येकीचा मूळ भार २०, सहभागी ९. मग २४० भागिले १८० म्हणजे १.३३, आणि नऊ शाळांचा भार प्रत्येकी २६.६७. गुणक २ च्या वर गेला किंवा सहाहून कमी शाळा उरल्या, तर शेजारचा गट जोडा. पण जिल्हा परिषद आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांची मोट बांधू नका. ४० शाळांत सहा नकार असतील, तर मॉडेलच्या हाती काही लागत नाही.

मुलांचं गणित वेगळं. ३६ भागिले २७ सुद्धा १.३३ च, पण वेचणीला गेलेली मुलं बाकावर बसलेल्यांसारखी नसतात. या गुणकाने पटाची बेरीज जुळते, गुणांची सरासरी मात्र चढीच राहते. इथे मॉडेल उपयोगी पडतं: मागच्या दोन महिन्यांची हजेरी, लिंग आणि आधीच्या चाचणीचे गुण घेऊन लॉजिस्टिक मॉडेल (प्रत्येक मूल हजर असण्याची शक्यता ० ते १ मध्ये सांगणारं) बसवा, अंदाजित शक्यतेनुसार पाच गट करा आणि गटागणिक गुणक काढा. शक्यतेचा थेट व्यस्त घेतला, तर ०.०५ वाल्या एका मुलाचा भार २० पट होतो. नेहमीची चूक म्हणजे विद्यार्थी प्रश्नावलीतली माहिती मॉडेलमध्ये घालणं. ती गैरहजर मुलांनी भरलेलीच नसते! हजेरीपटावर हजर आणि गैरहजर दोघांचीही नोंद असते.

रेकिंग शेवटी, तेही यूडायसच्या (शाळांची सरकारी माहिती-नोंद) त्याच वर्षाच्या पटाशी: इयत्ता, लिंग, माध्यम. नमुना-चौकटीतून (ज्या यादीतून नमुना निवडला तिच्यातून) वगळलेल्या शाळा बेरजेतूनही वगळा. पटावर नाव असलेली पण गाव सोडून गेलेली मुलं त्या बेरजेत राहिली, तर ती चूक थेट भारात उतरते. पहिल्या दोन पायऱ्या गाळून नुसतं रेकिंग करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक पायरीनंतर भारांच्या विचलन गुणांकाचा (प्रमाण विचलन भागिले सरासरी) वर्ग अधिक १ हा आकडा पाहा. तो १.५ आला, तर १,२०० मुलांचा नमुना ८०० मुलांइतकाच कामाचा उरतो. जॅकनाइफ (दर वेळी नमुन्याचा एक भाग वगळून प्रतिकृती बनवायची आणि त्यांच्यातल्या फरकावरून त्रुटी मोजायची ही पद्धत) वापरत असाल, तर प्रत्येक प्रतिकृतीत हे सगळं समायोजन नव्याने करा. नाहीतर प्रमाण त्रुटीचा अंदाजच चुकतो.